धाकट्या जावयाचं कव्हर

आमच्या जावयांना कारखान्यात होयबा म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण पाठीमागेही फारसं हळू म्हणत नाहीत. मी त्यांची सासू, मला राग यायला हवा. पण खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरंच वाटलं. लग्न झाल्यापासून मी जे मनातल्या मनात म्हणत होते ते चार लोकांच्याही लक्षात आलं होतं.

माणूस वाईट नाही हो. दारू नाही, विडी नाही, आवाज चढवणं नाही. पण "नाही" हा शब्दच त्यांच्या तोंडात नाही. "जावईबापू, भाजीत मीठ जास्त झालं का?" "हो." "का कमीच पडलं?" "हो, तसं थोडं कमीच." एकदा केस कापायला गेले आणि डोक्याचा गोटा करून आले. लेक किंचाळलीच. तर म्हणाले, न्हावी सारखं विचारत होता, अजून बारीक करू का. आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मला तर दिवसातून एकदा कुणाशी तरी भांडल्याशिवाय जेवण जात नाही.

आम्ही राहतो रंगाच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे बसायला पायरी. फाटकातून आत आलं की क्वार्टरच्या ओळी, मग थिनरच्या टाक्या, त्यांच्या पलीकडे पॅकिंगची शेड, आणि पार दुसऱ्या टोकाला झाडांच्या सावलीत ऑफिस. माझी लेक पॅकिंगमध्ये डब्यांना लेबलं लावते. मी शिवणाचं मशीन चालवते आणि नातीला सांभाळते. नात चार वर्षांची, तिला मी ठमी म्हणते, कारण ती ठमीच आहे. आणि जावई हवा तपासतात.

हवा तपासायची म्हणजे पूर्वी तोंडाला मास्क बांधून स्वतः टाक्यांजवळ जायचं, बाटलीत हवा भरून आणायची आणि प्रयोगशाळेत द्यायची. घरी यायचे तेव्हा कपड्यांना असा वास, की ठमी म्हणायची, बाबा, तू रंगवलेला आहेस का? मग कारखान्यानं रोबोट आणला. माणसानं कशाला वास घेत फिरायचं, यंत्र फिरेल, माणूस खोलीत बसून चालवेल. हे मात्र चांगलं केलं, मी तेव्हाही म्हणाले होते.

रोबोट माझ्या कंबरेएवढा. चार चाकं, कॅमेऱ्याचा एक डोळा, बाटल्या उचलायला आणि झाकणं उघडायला एक हात, आणि पुढे बोटभर जाड नळी. त्या नळीतून हवा आत ओढायची, आतल्या आत तिची तपासणी व्हायची, आणि कुठलं रसायन किती आहे ते जावयांच्या खोलीतल्या पडद्यावर उमटायचं. शिवाय डोक्यावर दिवा. हिरवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे जपून, आणि लाल म्हणजे भोंगा वाजणार आणि पळायचं. ठमीलासुद्धा कळेल इतकं सोपं.

पण आमच्या मोठ्या साहेबांना झाकण्याचं वेड. कारखान्याचे सगळ्यात वरचे साहेब हे. त्यांच्या खुर्चीवरचं दुकानातलं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. बसले की चर्र वाजतं, उठले की पाठीला चिकटून थोडी खुर्चीही उठते. फोनला पाऊच, पाऊचला पिशवी. गाडीला कव्हर, आणि ते कव्हर मळू नये म्हणून गाडी शेडमध्ये. पाहुण्यांच्या दालनातले सोफे प्लास्टिकमध्ये, भिंतीवरचं घड्याळ प्लास्टिकमध्ये. वेळ बघायची तर मान वाकडी करावी लागते. एवढा महागाचा रोबोट आला आणि धुळीत फिरणार म्हटल्यावर साहेबांची झोपच उडाली. लगेच निळं रेक्झिनचं कव्हर शिवून आलं. चाकांना मोकळी जागा, डोळ्याला भोक, हाताला बाही, दिव्यासाठी वर गोल कापलेलं. नळी मात्र आतच. साहेब म्हणाले, तिच्यातून धूळ आत गेली तर सगळं यंत्र खराब होईल.

म्हणजे हवा हुंगायला आणलेल्या यंत्राचं नाकच गुंडाळलं! आणि कुणी तोंड उघडलं असेल तर शपथ. जावयांना विचारलं, "तुम्ही काही बोलला नाहीत?" तर म्हणाले, "साहेब म्हणाले, छान दिसतंय ना? मी हो म्हटलं. छान दिसत होतं, आई."

तर असा तो कव्हर घातलेला रोबोट गल्लीबोळांतून फिरायला लागला. आणि गंमत काय झाली सांगू? यंत्र लोखंडाचं, पण चालवणारा आमचा जावई. समोरून कुणी आलं की रोबोट कडेला सरकून उभा. हवा बघायला कुणाच्या दारात आला की उंबऱ्याच्या बाहेर थांबणार, आणि आतल्या स्पीकरमधून जावयांचा आवाज येणार, "येऊ का?" साहेबांची गाडी दिसली की आमच्या पायरीपासून पार फाटकापर्यंत मागे मागे जाणार. क्वार्टरमधल्या बायका हसून लोळायच्या. मला हाक मारायच्या, "आजी, तुमचा धाकटा जावई आला बघा!" मीही म्हणायचे, "या, बसा, चहा घेता का?" स्पीकरमधून आवाज यायचा, "हो."

दिवा कायम हिरवा. टाक्यांजवळ हिरवा, शेडमध्ये हिरवा, आमच्या दारात हिरवा. रंगाच्या कारखान्याची हवा अशी शुद्ध, की म्हणे डोंगरावर राहायला जायची गरजच नाही. पॅकिंगमधल्या बायकांची डोकी रोज दुपारी दुखायची, डोळे चुरचुरायचे, पण दिवा हिरवा म्हटल्यावर डॉक्टर म्हणायचा, पाणी जास्त प्या. कारखान्याला स्वच्छ हवेच्या बक्षिसाची ढालसुद्धा मिळाली. साहेबांनी ती कपाटात ठेवली, कव्हर घालून.

मग एका शनिवारी कव्हर धुवायला गेलं. रोबोटच्या पोटावर कुणी तरी पान थुंकलं होतं, त्याचा डाग. कव्हर दोरीवर वाळतंय, फेरीची वेळ झाली, आणि जावयांना "आज राहू द्या" म्हणायला कुणी वर हजर नव्हतं. निघाला रोबोट तसाच उघडा. ऑफिसजवळ हिरवा. झाडं संपली तशी पिवळा. शेडजवळ पिवळाच. टाक्यांजवळ लाल, आणि टाक्यांना लागून जी जुनी कोठाराची खोली आहे तिच्या दारात तर असा भोंगा वाजला, की माझी बॉबिन हातातून पडून कॉटखाली गेली. लोकांची तारांबळ. पळा, पळा! क्वार्टरपर्यंत यायच्या आधीच कुणीतरी रोबोटचं बटण दाबून त्याला गप्प केलं.

सोमवारी समिती बसली. चार मोठी डोकी आणि चालक म्हणून आमचे जावई. यंत्र असं वेड्यासारखं का वागलं, यावर खल झाला. एक म्हणाले, त्याला ऊन लागलं. दुसरे म्हणाले, वारा लागला. तिसरे म्हणाले, कव्हरची सवय झाल्यामुळे उघडं पडल्यावर ते गोंधळतं. साहेबांना हे फारच पटलं. निकाल असा लागला, की उघड्या अवस्थेत यंत्र चुकीचं सांगतं, सबब कव्हर सक्तीचं. आणि एक धुवायला गेलं तर अडायला नको म्हणून दुसरंही शिवून घ्यावं. ते दुसरं शिवायला माझ्याकडे पाठवलं होतं. मी परत पाठवलं. म्हटलं, माझी सुई रेक्झिनला चालत नाही.

आणि याच समितीत वर आणखी एक ठराव झाला. पॅकिंगच्या बायका किती तरी दिवसांपासून पाळणाघर मागत होत्या. साहेब म्हणाले, देऊ या. कुठं? ती टाक्यांजवळची कोठाराची खोली रिकामीच आहे. भिंतींवर आतून बदकं काढू, बाहेरून ससे काढू. हवेचं काय? हवा तर हिरवी आहे! रोबोट कव्हर घालून आत गेला होता, त्यानं सांगितलं. आणि उद्घाटनाला रिबन कापणार कोण, तर रोबोट चालवणाऱ्याची मुलगी. आधी रोबोट आत जाईल, दिवा हिरवा दाखवेल, मागून ती आत जाईल. फोटो काय येईल! साहेबांनी विचारलं, "कशी आहे कल्पना, होयबा?" तोंडावर म्हणाले बरं का, त्या दिवशी.

आमचे काय म्हणाले ते सांगायला नकोच.

त्या संध्याकाळी जावई जेवायला बसले आणि भाताचे नुसते डोंगर करत राहिले. मी म्हटलं, काय झालं? हो. बरं नाही का? हो. शेवटी लेकीनं ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "आता बोलायचं." तेव्हा कुठं माणूस बोलला. म्हणाले, "उघडं पडून यंत्र गोंधळलं असतं तर सगळीकडे लाल झालं असतं. ऑफिसजवळही उघडंच होतं. तिथं हिरवा होता. ते उघडं असताना खरं बोलतं. समितीत सगळ्यांना कळत होतं, आई. सगळे टेबलाकडे बघत होते."

"मग तुम्ही?"

"मीही टेबलाकडे."

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "अहो, तुमच्या पोटची पोर आहे ती! रोज दिवसभर त्या खोलीत बसणार, आणि तुम्ही टेबलाकडे बघताय?" तर हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत. नाही केलं तर क्वार्टर जाईल." क्वार्टर गेलं तर मी कुठं जाणार होते? हे मशीन घेऊन कुणाच्या दारात? मला भीती वाटली. मी म्हटलं, "आपण ठमीला नको पाठवू या. ताप आलाय सांगू. रिबन दुसरं कुणी कापेल."

लेक माझ्याकडे अशी बघायला लागली, की मी पदरानं उगाच तोंड पुसलं. म्हणाली, "म्हणजे माझ्या शेजारी बसून लेबलं लावतात त्यांची पोरं त्या खोलीत, आणि माझी घरात? उद्या त्यांना तोंड कसं दाखवू मी? पाठवायचं तर सगळ्यांनी, नाही तर कुणीच नाही." एवढं बोलून भांडी घासायला निघून गेली. भांडी अशी आपटत होती की शेजारच्यांना वाटलं असेल, आमच्याकडे वाजंत्री आलीत.

जावयांनी ताट परत पुढे ओढलं. त्यातला सगळा भात संपवला.

उद्घाटनाच्या दिवशी मांडव, खुर्च्या, फोटो काढणारा, सगळं झालं. पॅकिंगच्या बायका पोरांना नटवून आलेल्या. खोली बाहेरून खरंच गोड दिसत होती हो. एक ससा जरा साहेबांसारखा झाला होता, तेवढंच. ठमी नव्या फ्रॉकमध्ये कात्री हातात धरून सगळ्यात पुढे. माझं सगळं लक्ष त्या कात्रीकडे आणि त्या दाराकडे. म्हटलं, पोरीनं रिबन कापली आणि आत पाऊल टाकलं, की झालं. मग ती रोज जाणार. एकदा फोटो निघाला की तो पुसता येत नाही.

साहेबांनी भाषण केलं. हवा, मुलं, भविष्य, मग पुन्हा हवा. मग रोबोट आला. नवीन कव्हर, वर मोठा बो बांधलेला. सगळ्यांसमोरून कडेकडेनं, अंग चोरत, दारापर्यंत गेला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. जावई त्या वेळी पार ऑफिसच्या मागच्या खोलीत, पडद्यासमोर. स्पीकरमधून आवाज आला, "येऊ का?"

सगळे हसले. साहेब म्हणाले, "या, या, होयबा!"

रोबोट जागचा हलला नाही. साहेबांनी पुन्हा हात केला, "चला आत." आणि स्पीकरमधून आवाज आला, "नाही, साहेब."

बाई गं! माझी लेक ताडकन उभी राहिली. साहेबांना वाटलं, स्पीकर बिघडला. तेवढ्यात रोबोटचा हात वर आला, वळला आणि स्वतःच्याच कव्हरचं बटण ओढायला लागला. एक बटण तुटून साहेबांच्या बुटावर पडलं. दुसरं तुटलं. मग हातानं कव्हर खालून धरलं आणि वर ओढलं, आणि ते अडकलं डोक्यात! डोळा झाकला गेला, खोलीतल्या जावयांना काही दिसेना, आणि रोबोट गोल गोल फिरायला लागला. स्वेटर काढताना ठमी अडकते ना, अगदी तस्सा. फोटो काढणारा खुर्चीवर चढला. साहेब ओरडले, "धरा त्याला! झाका!"

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? आपल्या घरचं माणूस चारचौघांत असं अडकलंय आणि आपण खुर्चीवर बसून बघायचं? मी उठले, त्याच्या मागे गेले, कव्हरचे दोन्ही काठ धरले आणि सर्रकन वर ओढलं. म्हटलं, "निघालं हो, जावईबापू. आता बघा."

दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल, आणि भोंग्यानं कानठळ्या बसवल्या. पोरं रडायला लागली. बायकांनी पोरं उचलली. भोंग्यापेक्षा मोठ्यानं ओरडून जावई स्पीकरमधून म्हणाले, "या खोलीत मुलांना बसवू नका! माझ्याही मुलीला नाही!" आणि लगेच, "माफ करा, साहेब."

साहेबांनी माझ्या हातातून कव्हर हिसकावलं आणि रोबोटच्या मागे धावले. रोबोट पुढे, साहेब मागे, कव्हर दोन्ही हातांत पसरलेलं. आणि सबंध वेळ स्पीकरमधून आमच्या जावयांचा आवाज, "जरा बाजूला, माफ करा, काकू जरा बाजूला, माफ करा साहेब." पळून जातानासुद्धा माणसाची रीत सुटली नाही! रोबोटच्या मागे साहेब, साहेबांच्या मागे बायका, बायकांच्या कडेवर पोरं, सगळ्यात शेवटी मी. शेडजवळ दिवा पिवळा झाला. झाडं लागली तसा हिरवा. तो थेट ऑफिसच्या पायऱ्यांशेजारच्या उतारावरून आत गेला, पाहुण्यांच्या दालनात, सोफ्यांच्या मधोमध थांबला, आणि म्हणाला, "इथं बसा."

बायका बसल्या. प्लास्टिक चर्र चर्र वाजलं. ठमी कात्री हातात घेऊन तशीच धावत आली होती. तिला रिबन कापायची होती आणि कुणी कापू दिली नव्हती. तिनं सोफ्याचं प्लास्टिक कापलं. आडवं, उभं, मनासारखं.

साहेब दारात धापा टाकत उभे. त्यांना पोरांना बाहेर काढायचं होतं, पण समोर फोटो काढणारा. दुसऱ्या दिवशी फोटो सगळीकडे: लाल दिवा लावून पळणारा रोबोट आणि मागे कव्हर घेऊन साहेब. मग काय करतात? दालनाबाहेर पाटी लागली, पाळणाघर, मोठ्या साहेबांच्या कल्पनेतून साकार. साकार तर साकार. आमची पोरं हिरव्या दिव्यात बसायला लागली, पाटीवर कुणाचंही नाव असो.

जावयांवर कारवाई झाली. कव्हर खराब केलं म्हणून. त्यांना रोबोटवरून काढलं आणि स्टोअरमधल्या क्लार्कला बसवलं. क्लार्कनं पहिल्याच फेरीत रोबोट गटारात घातला, दुसऱ्या फेरीत कँटीनच्या आचाऱ्याच्या पायावर. आचारी म्हणाला, मला तो जुना पाहिजे, तो विचारून यायचा. तेव्हा जावयांना परत बोलावलं. कायम करायचं मात्र लांबणीवर टाकलं. आणि रोबोटला नवं कव्हर, मागे कुलूप लावलेलं. चावी साहेबांच्या खिशात.

मी जावयांचं कौतुक केलं असेल असं वाटतं ना तुम्हाला? केलं की. पण माझी जीभ ही अशी. म्हटलं, "नाही म्हणालात खरे, पण यंत्राच्या तोंडून. साहेबांच्या समोर उभं राहून म्हणाला असतात तर मानलं असतं." ते म्हणाले, "हो, आई." आणि मला लगेच वाईट वाटलं.

मग एका दुपारी मी पायरीवर बसून काजं करत होते. गल्लीत चिटपाखरू नाही. धाकटा जावई आला, दारात थांबला, "येऊ का?" दिवा अर्थातच हिरवा. मी त्याच्याकडे बघत बसले, आणि एकदम माझ्या डोक्यात आलं, की अरे, हा उघडा असताना आमच्या दारात कधी आलाच नाही. त्या शनिवारी इथपर्यंत पोचायच्या आधीच त्याला गप्प केलं होतं. पोरं दिवसभर तिकडे चांगल्या हवेत असतात, आणि संध्याकाळी झोपायला कुठं येतात?

मी कात्री उचलली. स्पीकरमधून आवाज आला, "आई, चावी साहेबांकडे आहे."

"असू दे. कव्हरला चावी लागते, भोक पाडायला लागत नाही."

मग म्हणाले, "तुम्ही काय करताय ते मला दिसत नाही. कॅमेरा भिंतीकडे आहे." आणि खरंच डोळा भिंतीकडे वळला. मी नळीसमोर बरोबर तेवढंच गोल कापलं. सुई रेक्झिनला चालत नाही म्हणाले होते ना? चालते. कडा दुमडली, वर झाकण शिवलं, झाकणाला बटण. हाताला सवय आहे, उघडी कड मला बघवत नाही. मग बटण काढलं, झाकण वर केलं आणि चष्मा पुसून दिव्याकडे बघितलं.

पिवळा. मग लाल. भोंगा वाजला नाही, त्यांनी आधीच बंद केला असणार. माझ्या मागे उंबऱ्याच्या आत ठमीची गादी गुंडाळून ठेवलेली होती. तिच्याकडे बघवेना मला. एवढे दिवस मी त्या पोरीला मांडीवर घेऊन इथं बसते, दार उघडं टाकते, म्हणते, वारा लागू दे.

"पडद्यावर दिसतंय मला, आई," जावयांचा आवाज आला. अगदी बारीक.

"साहेबांना सांगाल?"

"नाही."

मी रागानं झाकण लावायला गेले. तर म्हणाले, "लावू नका. आधी शेजारी जातो." आणि रोबोट वळला, शेजारच्या दारासमोर जाऊन थांबला. "येऊ का?" शेजारीण डोळे चोळत बाहेर आली. मी तिला दिवा दाखवला. मग तिच्या पुढच्या दारी. मग त्याच्या पुढच्या. कुठं पिवळा, कुठं लाल, हिरवा कुठंच नाही. प्रत्येक दारात विचारून, थांबून, "येऊ का?" कुणी त्या दिवशी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळणाघरात पोरांच्या मागोमाग आम्ही पण गेलो. सगळी क्वार्टर. चटया, गाद्या, म्हातारी माणसं, एक पांगळा सासरा खुर्चीसकट, माझं मशीन. रोबोट नव्हता बरोबर. तो मागच्या खोलीत कुलपात उभा होता. जावई स्वतः माझ्या मशीनचं एक टोक धरून आले होते आणि घामानं निथळत होते.

साहेब आले. म्हणाले, "हे काय? आजी, इथं राहायला आलात की काय?"

मी म्हटलं, "हो. आमच्या दारातला दिवा हिरवा होईपर्यंत."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. फोटो काढणारा कुठं दिसला नाही, तसा त्यांना जरा धीर आला. जावयांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, "होयबा, तुम्ही तरी समजावा यांना. तुमचं कायमचं पत्र माझ्या टेबलावर सहीला आलंय. तुम्ही सांगितलंत तर जातील सगळे घरी. सांगताय ना?"

मी मशीनचं माझ्याकडचं टोक घट्ट धरलं. मला वाटलं, आता येणार तो शब्द. आणि खरं सांगते, आला असता तरी मी त्या माणसाला या वेळी बोलले नसते. जावयांनी टेबलाकडे नाही बघितलं. साहेबांकडे बघितलं.

"नाही," म्हणाले. मग मला म्हणाले, "आई, मशीन खिडकीजवळ ठेवू या, तुम्हाला उजेड लागतो."